बॅटरी झाली, आता सेल्फ?

नवी बॅटरी टाकलीस, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतलेस, आणि आठवड्यात गाडी पुन्हा दारात. आता म्हणतोस, सेल्फ उतरवू. का रे? सेल्फनं काय घोडं मारलंय तुझं? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही कुठली रीत?

"इथं आणली की लगेच स्टार्ट होते," हे मला ऐकवू नकोस. इथं होते, तर कुठं होत नाही? सकाळी गार असताना अडते, की उन्हातून येऊन थोडा वेळ थांबल्यावर? किल्ली फिरवली की सेल्फ घेतच नाही, नुसतं टक् वाजतं? की इंजिन फिरतं आणि पेटत नाही? विचारलंस त्याला? इंजिन फिरतच नसेल तर बॅटरी, वायरी, रिले, सेल्फ. फिरून पेटत नसेल तर पेट्रोल नाहीतर ठिणगी. गरम झाल्यावरच रुसत असेल तर आधी क्रँक सेन्सर बघायचा. हे काय मी सांगायचं? तू तर नव्या पोरांना शिकवतोस!

"पण बॅटरी बदलल्यावर चालली ना गाडी!" चालली, कारण बदलताना टर्मिनल सुटले, घासले गेले, पुन्हा आवळले गेले. जुन्या बॅटरीवर तेवढंच केलं असतंस तरी चालली असती. श्रेय मात्र बॅटरीला. स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकायला किती हौस! उद्या सेल्फ उतरवून बसवशील, त्या निमित्तानं वायरी हलतील, गाडी पुन्हा चार दिवस चालेल, आणि तू मिशीवर ताव देशील.

मीटर कशाला घेतलास, मिरवायला? उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले आणि तुझी तपासणी संपली. सेल्फ मारताना किती उरतात? 9.6 च्या खाली गेले तर बॅटरीवर बोट ठेव. नाही गेले, तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांग. 0.2 पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब. पॉझिटिव्हकडेही तसंच. आणि हे सगळं गाडी अडलेली असताना. धडधाकट गाडीची नाडी बघून काय कळणार?

येतं ना हे सगळं? येतं. फक्त वाकायचा कंटाळा.

गाडी आज रात्री इथंच राहू दे. सकाळी गार असताना मीटर लाव, आकडे लिहून मला दाखव. तोवर सेल्फच्या बोल्टला पाना लागता कामा नये.