जप्त न होणारी मिळकत

माणसाचं खरोखर स्वतःचं असं काय असतं? मी आयुष्यभर मालकीहक्काचे दावे लढवले. उत्तर मात्र मला ओसिप बर्नस्टाईन यांच्या आयुष्यात सापडलं. पेशाने तेही वकील, बुद्धिबळ ही हौस. रशियन क्रांतीत त्यांची संपत्ती गेली. नव्याने कमावलेली १९२९च्या मंदीत बुडाली. १९४०मध्ये ते राहत असलेल्या फ्रान्समध्ये जर्मन सैन्य शिरलं आणि तिसऱ्यांदा सगळं गेलं. १९५०मध्ये ते ग्रँडमास्टर झाले आणि १९५४मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, माँटेव्हिडिओत त्यांनी ऐन भरातल्या मिगेल नायडॉर्फना हरवलं.

तो डाव मी पटावर मांडून पाहतो तेव्हा पटतं, की बाहेर साठवलेलं कुणीही जप्त करू शकतं. अभ्यासाने अंगी मुरलेली दृष्टी कोणत्याही राजवटीच्या हाती लागत नाही. वय आणि आजार तिलाही गाठतात, हे खरं. पण तोवर तिच्यावर दुसऱ्या कुणाचा ताबा नसतो. म्हणून मुलांसाठी काय ठेवावं असं अशील विचारतात, तेव्हा मृत्युपत्राआधी मी सांगतो: त्यांना एक तरी विद्या मनापासून शिकू द्या.