लागली कुणी म्हणायचे?

दिवाळीच्या सकाळी फराळ आटोपला की भुईगावच्या आमच्या वाडीत लढाईला तोंड लागते. टिकल्यांची पिस्तुले घेतलेले माझे दोन नातू आणि शेजारची तीन-चार पोरे केळींच्या आड दबा धरून बसतात. थोडा वेळ सारे सुरळीत चालते. मग एकदम आरोळी उठते, "मेलास तू!" आणि तितक्याच जोरात उत्तर येते, "नाही लागली!" टिकलीच्या पिस्तुलातून आवाज आणि धूर यांखेरीज काहीच सुटत नसल्यामुळे या वादाचा निकाल ब्रह्मदेवालाही लावता येणार नाही. शेवटी खटला माझ्यापुढे येतो, आणि मी दोन्ही पक्षांच्या हातावर एकेक करंजी ठेवून तो तहकूब करतो.

गेल्या दिवाळीत हा तंटा चालू असताना तोक्योला नोकरी करणारा माझा भाचा ओटीवर बसला होता. तो हसून म्हणाला, "मामा, तिकडे आम्ही मोठी माणसे सुटीच्या दिवशी हेच खेळतो. पण भांडण सहसा होत नाही."

"पंच चांगला असेल," मी म्हणालो.

"पंचाला दिसतच नाही. ज्याला लागते तोच सांगतो."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले.

या खेळाचे नाव एअरसॉफ्ट. 1970 नंतरच्या दशकात तो जपानात रुजला. सामान्य माणसाने पिस्तूल बाळगायला तिथे कायद्याची मनाई. तेव्हा हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या बंदुका निघाल्या. त्यांत दारू नसते. स्प्रिंग, दाबलेला वायू किंवा विजेची छोटी मोटर यांच्या बळावर हवेचा झोत 6 मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी पुढे ढकलतो. नेहमीच्या गोळीचे वजन अवघे 0.20 ग्रॅम. ती सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली तर तिच्यात 1 ज्यूल शक्ती असते. 2006 साली जपानने कायदा बदलून या खेळण्यांची मर्यादा त्याच्याही किंचित खाली आणली. खेळापूर्वी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजून पाहतात.

एवढीशी गोळी अंगावर बसली तर चुरचुरते; डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून या खेळाचे पहिले साहित्य बंदूक नव्हे. पहिले साहित्य म्हणजे मार सोसेल असा बंदिस्त गॉगल, आणि दात-ओठ सांभाळायला मुखवटा. आपला रोजचा चष्मा तिथे उपयोगाचा नाही. तो फुटला तर त्याचीच काच डोळ्यात जायची. मैदानात असेपर्यंत गॉगल कुणी काढायचा नाही, आणि अगदी जवळून कुणावर झाडायची नाही. विश्रांतीच्या जागी येताना गोळ्यांची पेटी काढायची, नळीत अडकलेली गोळी मोकळ्या दिशेला झाडून टाकायची, खटका बंद करायचा आणि नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवायची. रस्त्याने नेताना बंदूक पिशवीत झाकलेली हवी.

यातली खरी गंमत पुढेच आहे. रंगाच्या गोळ्यांचा जो दुसरा खेळ आहे, त्यात गोळी फुटून कपड्यावर डाग पडतो. पुरावा सर्वांसमक्ष असतो. इथे गोळी सदऱ्यावर आपटते आणि गवतात नाहीशी होते. झाडणाऱ्याला खात्री नसते. लागली हे एकट्या लागलेल्यालाच ठाऊक. त्याने हात वर करायचा, "हिट" म्हणून ओरडायचे आणि मुकाट्याने बाहेर चालू लागायचे.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला बोटात फिरवली की माणूस अदृश्य होईल अशी अंगठी सापडते, आणि तो खुशाल राजाला मारून राज्य बळकावतो. प्रश्न असा की, कुणी पाहतच नसेल तर माणूस न्यायाने का वागेल? आमच्या भाच्याच्या मैदानावर प्रत्येकाच्या बोटात ही अंगठी असते, आणि तरीही हात वर होतात. हे कसे?

'मनोदेवता सांगते म्हणून' असे आपण चटकन म्हणू. परंतु टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या मनोदेवतेची कसून झडती घेतली आहे. अशी कोणी स्वतंत्र देवता मनात बसलेली नाही, ती आपली बुद्धीच आहे, आणि तिला शुद्ध करावे लागते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मला हे पटते, कारण माझी मनोदेवता दहाव्या वर्षी गाढ झोपली होती. याच वाडीत हुतूतू खेळताना एका मुलाचे बोट माझ्या पायाला निसटते लागले. कुणी पाहिले नाही. मी म्हणालो, "नाही लागली." आम्ही जिंकलो. त्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो काहीच बोलला नाही. जिंकल्याचा आनंद केव्हाच विरला. ते पाहणे अजून विसरलो नाही.

हे सारे मी ओटीवर मोठ्या उत्साहाने सांगत असताना माझी सून मुलांची पिस्तुले उचलत म्हणाली, "मामंजी, खरे बोलणे सवयीने येते म्हणता, तर माणसावर नेम धरणेही सवयीनेच येईल ना?"

या प्रश्नाला बगल देता येत नाही. 2014 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात बारा वर्षांचा एक मुलगा असले खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत खेळत होता. खेळणे ओळखू यावे म्हणून तिथे नळीला नारिंगी टोक असते. ते त्या पिस्तुलाला नव्हते. पोलिसांनी त्याला गोळी घातली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आमच्या वाडीपासून फार दूर नसलेला वसईचा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या वेढ्यात "लागली" म्हणायला पुष्कळांना दुसरा श्वास मिळाला नाही, हेही पोरांना सांगायला हवे.

मला सुचलेले उत्तर असे: शत्रूच्या शब्दावर युद्धात कुणी विसंबत नाही; या खेळात ज्याच्यावर नेम धरायचा त्याचे डोळे आधी झाकायचे आणि नंतर त्याचाच शब्द प्रमाण मानायचा. ही दोन कुंपणे शाबूत आहेत तोवर तो खेळ आहे. कुंपण ओलांडून तीच बंदूक रस्त्यावर किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर लोकांत मिरवली, की खेळ संपला. मोठ्यांनी अशा आखीव जागी खेळावे. लहानांना आधी शब्द शिकवावा, बंदुकीचे नंतर पाहता येईल. सुनेचे समाधान पुरते झाले नाही. माझेही झाले आहे असे म्हणवत नाही.

यंदा मात्र आम्ही पिस्तुले कपाटात ठेवली आणि चिंध्यांचा चेंडू केला. नियम एकच: ज्याला लागेल त्यानेच सांगायचे. पहिल्या दिवशी अख्ख्या सकाळी एकही वीर पडला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा नातू हात वर करून केळींतून बाहेर आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "लागली." चेंडू टाकणाऱ्या थोरल्याला आपला नेम चुकला असेच वाटत होते. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने चेंडू खाली टाकला आणि म्हणाला, "मलाही मघाशी लागली होती."

त्या दिवशी करंज्या मी दोघांनाही दिल्या. पण तहकुबीच्या नव्हेत.