सुंठ दिली, खोकला गेला

मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुसऱ्या टप्प्यात सापडला, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली आहे पण लिंफ नोडपर्यंत पोचलेली नाही, तर बहुतेक लोक नुसत्या ऑपरेशननं बरे होतात. थोड्यांना तो परत गाठतो. नेमका कोणाला, हे ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जिथे धोका जास्त वाटतो तिथे केमो दिली जाते.

आता समजा, एकानं केमो घेतली. पाच वर्षांनंतर तो ठणठणीत आहे. तो म्हणणार, केमोनं वाचवलं. पण कदाचित ऑपरेशननंच काम झालं असेल. सुंठ दिली, खोकला गेला. सुंठीवाचूनही गेला असता का, हे त्याच्या बाबतीत कोणीच सांगू शकत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध त्यात असेल, तर बोटांना आलेला बधिरपणा काहींना वर्षानुवर्षं पुरतो. गरज नसताना झालेली ही इजा कुठेच नोंदली जात नाही. उलट माणूस तिचे आभार मानतो.

ऑस्ट्रेलियात झालेल्या 'डायनॅमिक' चाचणीनं हा हिशोब उघड केला. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टप्प्यातले ४५५ पेशंट. एका गटात केमोचा निर्णय नेहमीच्या पद्धतीनं. दुसऱ्या गटात ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासून. गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडले तरच केमो. केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. दोन वर्षांनी आजार न परतता जगणारे नेहमीच्या गटात ९२.४ टक्के, रक्ततपासणीच्या गटात ९३.५. म्हणजे जवळजवळ सारखेच.

मग प्रश्न मिटला? नाही. रक्त स्वच्छ आलं म्हणून केमो न घेतलेल्यांत तीन वर्षांनी आजारमुक्त होते ९२.५ टक्के. उरलेल्यांना काय सांगायचं?

आमच्या कामात सर्व्हर पडला की आम्ही विचारतो, त्या क्षणी काय माहीत होतं? निर्णयाची पारख त्यावर होते, परिणामावर नाही. हे तत्त्व मला पटतं. पण सर्व्हरला घरी वाट बघणारं कोणी नसतं. केमो न दिल्यानं गेलेला माणूस सगळ्यांना दिसतो. उगाच दिल्यानं बधिर झालेली बोटं कोणालाच दिसत नाहीत. त्यामुळे 'देऊनच टाकू' हा सल्ला नेहमी सुरक्षित वाटतो. सुरक्षित कोणासाठी? बऱ्याचदा डॉक्टरसाठी, आणि 'आम्ही काही कमी केलं नाही' म्हणू पाहणाऱ्या नातेवाइकांसाठी. त्यांच्या मनःशांतीचं बिल पेशंटच्या शरीरावर फाटतं.

याचा अर्थ केमो नाकारावी असा नाही. शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईसाठी बोटं म्हणजे पोट. तिची शेजारीण तीन वर्षांच्या मुलाची आई असेल, तर शंभरातल्या एका शक्यतेसाठीही ती बोटं द्यायला तयार होईल. रिपोर्टवरचा आकडा दोघींचा एकच, आणि दोघींचं उत्तर आपापल्या जागी बरोबर.

तपासणी धोका किती ते सांगते. तो टाळण्यासाठी काय मोजायचं, हे ज्याला मोजायचं आहे त्याला विचारलं पाहिजे. आपल्याकडे पुष्कळदा रिपोर्ट आधी मुलाच्या हातात जातो, आणि पेशंटला दाराबाहेर बसवलं जातं. मार्कर कितीही अचूक झाला तरी ते दार तो उघडणार नाही. ते आपल्यालाच उघडावं लागेल.