उंबरठ्यावरचा शब्द

माणसाचे घर त्याचे स्वतःचे असते, याविषयी कोणाचे दुमत नसते. परंतु त्या घराच्या अंगणात किंवा खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून लावलेला शब्द कोणाचा? घरमालकाचा, की तो ज्यांच्या नजरेस पडतो त्या गावाचा? आणि तो शब्द राज्यकर्त्यांच्या विरोधात असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना न रुचणारा असेल, तर तो उतरवून घेण्याचा अधिकार नगरपालिकेला असावा काय? वरवर पाहता हा कायद्याचा प्रश्न आहे. आम्हांला मात्र तो त्याहून अधिक नीतीचा वाटतो.

या प्रश्नावर अमेरिकेत एक दावा चालला आणि तो थेट तेथील सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘सिटी ऑफ लाड्यू विरुद्ध गिलिओ’ या नावाने तो ओळखला जातो. मिसूरी राज्यातील सेंट लुईस शहराजवळ लाड्यू नावाचे एक सधन उपनगर आहे. निकालपत्रातील नोंदीप्रमाणे तेथील वस्ती त्या वेळी जवळपास नऊ हजार, क्षेत्रफळ सुमारे साडेआठ चौरस मैल, आणि त्यातील अवघी तीन टक्के जमीन व्यापार-उद्योगासाठी. बाकी सारी राहती घरे. अशा शांत गावात डिसेंबर १९९० मध्ये गिलिओ नावाच्या एका बाईंनी आपल्या अंगणात दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब अशी एक पाटी उभी केली. पर्शियन आखातातील युद्धाला नकार द्या, आपल्या संसदेला आत्ताच कळवा, एवढाच तिचा मजकूर.

तो काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतचा ताबा घेतला होता. कुवेतमध्ये नोकरीला असलेली आपली माणसे वाळवंट तुडवत जॉर्डनमधील अम्मानपर्यंत पोहोचत होती, आणि तेथून एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणत होती. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय त्या काळात परत आले. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत तेव्हा रेडिओभोवती माणसे बसलेली असत. ज्या युद्धाच्या भीतीने रत्नागिरी-रायगडच्या घरांतील चूल मंदावली होती, त्याच युद्धाला त्या दूरच्या गावातील एक बाई आपल्या अंगणातून नको म्हणत होती. तिला आपली नावे ठाऊक नव्हती आणि आपल्याला तिचे.

पुढे जे घडले त्याचा क्रम नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम ती पाटी नाहीशी झाली. बाईंनी दुसरी लावली, ती कोणीतरी पाडून टाकली. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली. तेव्हा उत्तर मिळाले की, अशा पाट्यांना या गावात मनाईच आहे. त्यांनी नगर परिषदेकडे खास परवानगी मागितली. तीही नाकारली गेली. मग त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. जिल्हा न्यायालयाने नियमाच्या अंमलबजावणीला तात्पुरती मनाई केली, तेव्हा बाईंनी वरच्या मजल्याच्या खिडकीत साडेआठ बाय अकरा इंचांचा एक कागद लावला. आखातात शांतता हवी, असे त्यावर लिहिलेले होते. नगर परिषदेने जुना नियम रद्द करून नवा केला आणि त्यात खिडकीतल्या या कागदालाही बंदी घातली.

नगर परिषदेची बाजूही ऐकली पाहिजे. तिचे म्हणणे असे की, जो तो पाट्या लावू लागला तर गाव विद्रूप होईल, घरांच्या किमती उतरतील, रहदारीला अडथळा होईल. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या महाराष्ट्रात तर नाहीच नाही. येथे चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निकाल दिला, तरीही फ्लेक्स लागतच राहिले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसांचे प्राण गेले. फलकांवर कोणाचे नियंत्रणच नसावे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु येथे एक भेद करावा लागतो. चौकातला फ्लेक्स सार्वजनिक जागेत, सर्वांच्या खांबावर लागतो. पेट्रोल पंपावरचा फलक पैसा मिळवण्यासाठी उभा असतो आणि पडला तर परक्याच्या डोक्यावर पडतो. खिडकीतला कागद स्वतःच्या काचेवर, स्वतःच्या खर्चाने लावलेला असतो, आणि त्याचा त्रास कोणाला झालाच तर तो वाचणाऱ्याच्या मनाला होतो. या तिन्हींना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. शिवाय लाड्यूच्या नियमाने सर्वच पाट्यांना बंदी केली नव्हती. ‘घर विकणे आहे’ ही पाटी चालत होती. घरावरील नावाची पाटी चालत होती. चर्चची आणि शाळेची पाटी चालत होती. घर विकायची पाटी गावाची शोभा बिघडवत नाही आणि युद्ध नको म्हणणारा कागद बिघडवतो, हे गणित आम्हांला उमगत नाही.

१३ जून १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी तो लिहिला. निकालाचा पाया सवलतींतील भेदभाव हा नव्हता. नियम निःपक्षपाती आहे असे मानले तरी तो बोलण्याचा एक फार जुना आणि स्वस्त मार्ग जवळजवळ पुरता बंद करतो, हे न्यायालयाला अमान्य होते. नगर परिषद म्हणत होती की, बाईंना पत्रे लिहिता येतात, पत्रके वाटता येतात, वर्तमानपत्रात जाहिरात देता येते, सभेत बोलता येते. न्यायालयाने सांगितले की, घरावरच्या पाटीला हा पर्याय नाही, कारण बोलणारा कोण आहे, हे ती पाटीच सांगते. ज्यांच्याजवळ पैसा किंवा फिरण्याची ताकद नाही त्यांच्यासाठी तर दुसरा सोयीचा मार्गच नसतो. घराची शोभा आणि किंमत टिकावी, ही काळजी घरमालकाला स्वतःलाच असते, हेही न्यायालयाने नोंदवले. गावाला सौम्य उपाय योजायला मोकळीक ठेवली.

या निकालातील ‘बोलणारा कोण’ हा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या परंपरेत त्यासाठी एक शब्द आहे, गवाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत इन्साफसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात का जाईना. साक्षीदाराची पहिली अट कोणती? तो समोर असला पाहिजे. ज्याचे नाव नाही, ठिकाण नाही, त्याची साक्ष ही साक्ष नव्हे, अफवा आहे. रात्री दुसऱ्याच्या भिंतीवर काहीतरी खरडून पळणारा आणि आपल्या दारावर पाटी लावून आत निजणारा, यांत हाच फरक आहे. दुसरा माणूस आपला शब्द आपल्या पत्त्यासकट देतो. उद्या कोणी विचारायला आले तर तो तेथेच असतो. म्हणजे ज्या बोलण्यात सर्वांत जास्त जबाबदारी आहे, नेमके तेच बोलणे त्या गावाने शोभेच्या नावाखाली बंद केले होते.

मराठीतला ‘हक्क’ हा शब्द अरबीतून आला. मराठीत त्याचा अर्थ अधिकार एवढाच उरला. आम्ही वर्गात उर्दूतला ‘हक़’ शिकवतो तेव्हा मुलांना दोन अर्थ सांगावे लागतात, एक अधिकार आणि दुसरा सत्य. या दोन अर्थांची ताटातूट झाली की घोटाळा होतो. सत्याची चाड नसताना केवळ अधिकार गाजवणारा माणूस गावाला डोईजड होतो, आणि सत्य ठाऊक असून ते बोलण्याचा अधिकार नसलेला माणूस आतल्या आत कुढतो.

घराच्या मर्यादेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. सूरह नूर परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात जाण्यास मनाई करते. हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालताना एका घराची भिंत चढून आत उतरले आणि घरमालकानेच त्यांना, ‘माझी चूक एक, पण तुम्ही तीन आज्ञा मोडल्या’ असे सुनावले, अशी रिवायत सांगितली जाते. भिंत चढून आत आलात, डोकावून पाहिलेत आणि परवानगी घेतली नाहीत. खलीफांनी ते ऐकून घेतले. घरात डोकावू नये, ही मर्यादा आपण पूर्वीपासून मानतो. घरातून बाहेर बोलू द्यावे, ही तिचीच दुसरी बाजू आहे. जे घर फक्त लपण्यासाठी उपयोगी पडते, त्याच्या मालकाला निम्मीच मालकी मिळालेली असते.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ (१) (क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, आणि १९ (२) मध्ये त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील त्याची यादी आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशी ती कारणे आहेत. शहराची शोभा त्या यादीत नाही. नवीन जिंदाल यांनी कारखान्याच्या आवारात राष्ट्रध्वज फडकवला तेव्हा अधिकाऱ्यांनी ध्वजसंहितेवर बोट ठेवून हरकत घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी मानाने ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तीचा हक्क ठरवला, वाजवी निर्बंध कायम ठेवून. आपल्या आवारातून आपला भाव व्यक्त करण्याचा विचार आपल्या न्यायालयालाही परका नाही. प्रश्न एवढाच की, सर्वांना आवडणाऱ्या ध्वजाला जे मिळते, ते काहींना न आवडणाऱ्या कागदाला मिळेल काय?

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. पत्त्यासकट बोलणे त्या सधन उपनगरातील बाईला परवडले. आपल्याला परवडेल काय? १९९२-९३ च्या दंगलीत दारावरची नावाची पाटीसुद्धा उतरवून ठेवणारी कुटुंबे मुंबईने पाहिली आहेत. त्या पाटीवर ना निषेध होता ना मागणी, फक्त नाव होते. ज्याला नावाचीच धास्ती आहे, तो मताची पाटी काय लावणार? अशा माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

म्हणूनच लाड्यूमधील घटनांचा क्रम पुन्हा पाहावा. शासनाने बंदी सुनावण्याआधी पाटी चोरणारा हात कोणातरी अनोळखी माणसाचा होता. बाईंनी राखण मागितली आणि त्यांना मनाई मिळाली. मोडणाऱ्याला शोधण्यापेक्षा बोलणाऱ्याला थांबवणे नेहमीच सोपे असते, आणि सोपे आहे म्हणून शासन ते करते. आमच्या मते शासनाच्या नीतीची खरी कसोटी येथे आहे. पाटीवरून कोणी चिडेल म्हणून पाटी काढायला लावणे ही व्यवस्था नव्हे. चिडणाऱ्याचा हात धरणे ही व्यवस्था.

दुसरी कसोटी आपली स्वतःची आहे. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, म्हणजे एकाच सावलीतला. उद्या आपल्याच मोहल्ल्यात एखाद्याने आपल्या दारावर जमातीच्या निर्णयाविरुद्ध कागद लावला, किंवा एखाद्या मुलीने घराच्या खिडकीत आपल्या ज्येष्ठांना न आवडणारी मागणी लिहिली, तर आपण काय करू? शिवी, तोहमत आणि चिथावणी यांना संरक्षण नाही, हे उघड आहे. पण मजकूर नुसता न पटणारा असेल, तर रात्री तो फाडला जाऊ नये याची काळजी घेणारे चार लोक आपल्यात निघतील काय?

त्या बाईंची पाटी युद्ध थांबवू शकली नाही. १७ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर बाँब पडू लागले, फेब्रुवारीअखेर युद्ध संपलेही, आणि निकाल त्यानंतर तीन वर्षांनी लागला. तेवढ्यावरून ती पाटी वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. साक्षीदाराच्या साक्षीने खटला जिंकलाच पाहिजे असे नसते. त्याने ती आपल्या नावाने दिली पाहिजे, आणि ती देऊन तो सुखरूप घरी परतला पाहिजे. पहिली गोष्ट बोलणाऱ्याच्या हाती असते. दुसरी मात्र शेजाऱ्यांच्या आणि शासनाच्या हाती असते.