साबणातला अनर्थदंड

जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार मानते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, सोडायचीच असते. स्वयंपाक, झाडलोट, धंदा यांत घडणारी हिंसा पूर्ण टळत नाही. ती होईल तेवढी कमी करायची. कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत, दिगंबर जैन समाजातली कितीतरी घराणी शेतकऱ्यांची आहेत. नांगराखाली किती जीव जातात, हा त्यांच्यासाठी कधीच नुसता पोथीतला प्रश्न नव्हता. मुनींची गोष्ट वेगळी. अस्नान आणि अदंतधावन हे त्यांच्या 28 मूलगुणांपैकी दोन, त्यामुळे साबण आणि टूथपेस्टचा प्रश्न उरतो तो श्रावकापुढेच.

हात धुताना सूक्ष्मजीव जातात, म्हणून हात धुऊ नयेत असे कोणी म्हणत नाही. स्वच्छता ही गृहस्थाची गरज आहे. पण श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे: ज्या हिंसेतून काहीच साधत नाही, ती करायची नाही. त्यातल्या प्रमादचर्येत कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, विस्तव पेटवणे, झाडपाला तोडणे येते. आधुनिक जीवशास्त्रातले जंतू आणि जैन शास्त्रातले सूक्ष्म जीव जसेच्या तसे जुळवता येणार नाहीत. तरी या व्रताची कसोटी जंतुनाशक साबणाला अगदी नेमकी लागू पडते.

ट्रायक्लोसान हे जंतुनाशक रसायन 1970च्या दशकात इस्पितळांत आले आणि पुढे साबण, टूथपेस्ट, दुर्गंधीनाशकांत पसरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016 मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बानसह 19 घटकांना घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले. कारण साधे होते: साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत आणि रोज वर्षानुवर्षे वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. इस्पितळांतली उत्पादने या नियमाबाहेर ठेवली गेली, आणि ते योग्यच झाले. तिथे गरज खरी आहे.

उपयोग सिद्ध होत नाही, पण अपाय दिसतो. ट्रायक्लोसान ई. कोलाय जंतूच्या मेदाम्ले बनवणाऱ्या एका विकराला अडवते, असे 1998 मध्ये दिसून आले. त्या विकरात बदल झाला की जंतू तग धरतो. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड याच जातीच्या विकरावर काम करते, म्हणून ही बाब गंभीर आहे. शिवाय हे रसायन शेवाळाला फार घातक आहे, आणि पाण्यातल्या जीवांच्या अन्नाची सुरुवात शेवाळापासून होते. तमिळनाडूतल्या कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी नद्यांच्या पाण्यात ते आढळले आहे.

पाण्याबाबत जैन घरांची जुनी रीत इथे पाहण्यासारखी आहे. विहिरीचे पाणी जाड सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळायचे. मग त्या कापडावर गाळलेलेच पाणी ओतून अडकलेले जीव भांड्यात उतरवायचे आणि ते भांडे दोराने खाली सोडून त्याच विहिरीत अलगद रिकामे करायचे. वरून फेकायचे नाही. आपल्याला शुद्ध पाणी मिळाले की जबाबदारी संपत नाही, हा विचार त्या रीतीत आहे. न्हाणीघरातून वाहून जाणाऱ्या पाण्याला तो कोणी लावत नाही. कोल्हापूरचा जयंती नाला पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला. शहराने स्वच्छतेसाठी सोडलेले पाणी खालच्या गावांकडे जाते.

भारतात सौंदर्यप्रसाधनांवर 1940चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020चे नियम लागू आहेत, आणि घटकांच्या याद्या भारतीय मानक ब्यूरो ठरवतो. युरोपने ट्रायक्लोसानला 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली. अशी मर्यादा किती घालावे एवढेच सांगते. घालायची गरज आहे का, हे ती विचारत नाही. अनर्थदंडाची कसोटी तिथूनच सुरू होते. घरगुती साबणात जंतुनाशक घालायचे असेल, तर साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो हे उत्पादकाने आधी सिद्ध करावे, अशी अट भारतीय नियमांत यायला हवी.