सहा रोपं, अकरा पुड्या

फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या अंगणात बर्फ असतं, तेव्हा मी बेसमेंटमध्ये टोमॅटोच्या बियांच्या पुड्या मांडून बसतो. जागा ६ रोपांची, पुड्या ११. सौ. म्हणते, "अहो, दुकानातून हायब्रिड रोपं आणा की!"

पण हायब्रिडचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फळ मिळत नाही. या पिढीजात वाणांचं मिळतं. म्हणूनच ते कुणीतरी जपावे लागतात. 'चेरोकी पर्पल'चं बी १९९० साली टेनेसीतल्या एका गृहस्थांनी टपालाने क्रेग लेहूलिअर यांना पाठवलं, आणि आज ते घरोघरी पोचलंय. चवीला तर अप्रतिम!

दुसरी एक पुडी शेजारच्या इटालियन आजोबांनी मुलाकडे राहायला जाताना दिलेली. त्यांच्या आजीचं बी, नाव नाही. फळ तडकतं, चव बेताची. पुडीवर तारीख ऑगस्ट २०२१. टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं बरं उगवतं, पुढे भरवसा नाही. म्हणजे यंदा न लावणं हाही एक निर्णयच.

परक्याच्या आजीचं बी जपायला मी कोण? माझी आजी अलिबागला वालाचं बी राखेत घालून मडक्यात ठेवायची. ते मडकं कुणी सांभाळलं नाही. मी तेव्हा व्हिसाच्या रांगेत होतो. मग हा चांगुलपणा की उशिराची फेड? मला अजून ठरवता आलेलं नाही. बियांना त्याने काही फरक पडत नाही म्हणा.

'चेरोकी पर्पल' परत डब्यात ठेवलं. त्याला वाली पुष्कळ आहेत.

"म्हणजे यंदाही कोशिंबीर बेचवच!" सौ. म्हणाली, आणि कुंडीत माती भरायला बसली.