चढ आणि चाबूक

सपाटीला गाडीचं दुखणं कळत नाही. मागं मळणीयंत्र जोडून दिवे घाट चढायला लागलं, की डिझेल पिकअप खरं बोलते. तिचा दम तुटला की नवखा ड्रायव्हर पाय आणखी दाबतो. पूर्वी चढावर बैल अडला की चाबूक निघायचा, तसंच हे.

जाणता मेस्त्री आधी धूर बघतो. काळा धूर असेल, तर डिझेल जातंय पण हवा पुरत नाही. बहुतेक एअर फिल्टर धुळीनं बुजलेला, नाहीतर टर्बोचा पाइप फाटलेला. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल फिल्टर तुंबलाय का बघायचं. एखादंच चाक जास्त तापलं असेल, तर तिथं ब्रेक धरून बसलाय.

माणसाचंही असंच. वावरातला गडी मागं पडला की आपण लगेच त्याला आळशी ठरवतो. त्याच्या पोटात काय गेलंय, रात्री झोप झाली का, कुणाचा हप्ता त्याला मागून धरून बसलाय का, हे कोण बघतं? ओझं तर आपणच लादलेलं असतं. मग आधी वाकून बघायचं कामही आपलंच. दोष द्यायचा हक्क त्यानंतरचा.